नळाची पाळी आणि आपलं अर्धं राहिलेलं भांडण

नासिर,

तुझ्या जनाज्याला पाणी समितीच्या भाऊसाहेबानं खांदा दिला. कब्रस्तानाच्या फाटकापासून आतल्या चिंचेपर्यंत, तेवढाच. पुढं त्याचा पुतण्या मोबाईल धरून उलट्या पावलांनी चालत होता. फोटो निघाल्याबरोबर भाऊसाहेबानं मागच्याला खूण केली, खांदा सोडला आणि खिशातून रुमाल काढून हात पुसले. तुझ्या जनाज्याला लागलेले हात पुसले त्यानं. मी चिंचेच्या बुंध्याला धरून उभा राहिलो, लोकांना वाटलं दिलीपला दुःख आवरत नाही. दुःख होतंच, पण त्या घटकेला मी बुंधा धरला तो दुःखानं नव्हे, किळसेनं.

संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर फ्लेक्स लागला. 'गावाचे सुपुत्र, थोर संगणकतज्ज्ञ.' तुझा फोटो आधार कार्डावरचा, डोळे अर्धे मिटलेला, कोपऱ्यात. बाकी सगळी पाणी समिती, हात जोडून, हसऱ्या चेहऱ्यांनी. तू पाहिला असतास तर म्हणाला असतास, "दिल्या, मी मेलो का हे निवडून आले बे?"

घरी मंगला म्हणते, अहो, आता सोडा, गेलेला माणूस परत येत नाही. मला माहीत आहे. पण तुझ्याशी रोज भांडायची सवय आहे मला. ती काही तुझ्याबरोबर मातीत गेली नाही. शिवाय तुझ्या शोकसभेत काय झालं ते तुला सांगायचं आहे, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस मला सुचत नाही.

आपलं पहिलं भांडण आठवतं का? खामगावला, त्या कोंदट कम्प्युटर क्लासात. एका मशीनवर दोघं बसायचो. तुला सी भाषा अशी लागली जशी एखाद्याला भजनाची गोडी लागते. पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी. आधी हे कर, मग ते कर. सगळी माहिती वर एका जागी मांडलेली, आणि खाली ती वापरणारी छोटी छोटी कामं. तू म्हणायचास, प्रोग्राम म्हणजे एखाद्याला रस्ता सांगणं. तुझे अब्बा मोटार वाइंडिंग करायचे. तुमच्या ओट्यावर कायम एखादी मोटार पोट उघडून पडलेली असायची. "उघडल्यावर जे दिसते तेच असते," असं ते म्हणायचे, आणि तूही तसाच वाढलास. तुला झाकलेली कोणतीही गोष्ट आवडायची नाही.

मी पुढच्या वर्षी जावा शिकलो आणि मला वाटलं, हेच खरं. जगात नुसती कामं नसतात, वस्तू असतात. प्रत्येक वस्तूजवळ तिची माहिती, आणि ती माहिती घेऊन तिला काय करता येतं तेही तिच्याचजवळ. बाहेरच्यानं विचारावं, आत हात घालू नये. आमच्या घरात चार भावांची शेती, धुऱ्या-बांधावरून भांडणं. कोणी कोणाच्या धुऱ्याच्या आत यायचं नाही हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. मला ती भाषा घरच्यासारखी वाटली.

वारशाची गोष्ट सांगितली तेव्हा तू किती हसलास. मी म्हटलं, एका प्रकारच्या वस्तूवरून दुसरा प्रकार बनवला की पहिल्याचं सगळं दुसऱ्याला आपोआप मिळतं.

"आपोआप?" तू म्हणालास. "आमच्याइथं सातबाऱ्यावर नाव चढवाले माणसाची हयात जाते, अन् तुह्या भाषेत बापाचं पोराले एका शब्दात भेटते? हे भाषा आपल्या जिल्ह्यात चालनार नाही, दिल्या."

पुढं आपणच क्लास काढला. किराणा दुकानाच्या वरची खोली, सकाळी तुझी सी, संध्याकाळी माझी जावा, आणि मधल्या वेळात चहा आणि भांडण. आपल्याकडं पोरं येत ती गाईड घेऊन. 'प्रोसिजरल व ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांमधील फरक स्पष्ट करा.' दोन रकाने, एकात तुझी सी, दुसऱ्यात माझी जावा, मधे रेघ. मोताळ्याच्या त्या मुलीनं, वैष्णवीनं, ते दोन रकाने डोळे मिटून म्हणून दाखवले होते. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस.

"आता याचा अर्थ सांग," तू म्हणालास.

तिनं पुन्हा पहिला रकाना म्हणायला घेतला.

"तुह्या घरी चहा कोन करते?"

"आई."

"तू गॅसपाशी जाऊन सोता पानी ठेवते, पत्ती टाकते, साखर टाकते, तर ते माही पद्धत. एकामागं एक. डबे सारे तुह्यासमोर उघडे. अन् तू नुसती 'आई, चहा दे' म्हनते, साखर कोन्या डब्यात हाये हे तुले माहीत नाही अन् माहीत असाची गरजबी नाही, तर ते या दिलीप सरची पद्धत."

"मग चांगली कोणती, सर?"

"आई घरी असली तं त्याहीची. नसली तं माही."

मला त्या उत्तराचा इतका राग आला होता, कारण ते इतकं बरोबर होतं. त्या पोरीनं परीक्षेत हेच लिहिलं. तिला त्या प्रश्नाला शून्य मिळालं, आणि गाईडचे दोन रकाने उतरवणाऱ्यांना पैकीच्या पैकी. मी पेपर तपासणाऱ्याला शोधून फोन केला तर म्हणे, उत्तरात मुद्दे नाहीत, चहा आहे. मी फोन ठेवल्यावर बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. तू मात्र वैष्णवीला बोलावून सांगितलंस की तू बरोबर आहेस, पुढच्या वेळी पहिले मुद्दे लिही, मग खाली चहा लिही. असा व्यवहारी तू कधी कधी असायचास, आणि मला तेही पटायचं नाही.

एक गोष्ट मी तुला तोंडावर कधी बोललो नाही. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी लिहिलेला माझा प्रोग्राम वारशाच्या गुंत्यात अडकला होता. त्या रविवारी तू सकाळपासून माझ्याजवळ बसलास. ती भाषा तुला आवडत नव्हती, तरी वस्तूंचा एकेक प्रकार उलगडत, चौथ्या पिढीत कुठं तरी मी एकच नाव दोनदा वापरलं होतं ते तू शोधलंस. आणि म्हणालास, "चूक तुही नाही, भाषेची हाये." खोटं होतं ते. चूक माझीच होती. मित्राला असं खोटं बोलणारं माणूस मला पुन्हा भेटणार नाही.

मग पाण्याचं सुरू झालं.

आपल्या गावाला टाकीवरून गल्लीनिहाय नळ सुटतो. आज एक गल्ली, मग दुसरी, अशी पाळी. पाळी कधी येणार ते कोणाला कळत नसे. बाया दिवसभर तोटीकडं कान लावून. पाणी समितीचा अध्यक्ष म्हणून भाऊसाहेबानं तुला बोलावलं आणि म्हणाला, नासिर, मोबाईलवर आधी कळेल असं काही कर. तू काही न घेता केलंस. सीमध्ये, एकाच फाईलमध्ये, वरून खाली. पाळी एका साध्या यादीत, आणि जुन्या मोबाईलला वायर जोडून मेसेज. यादी तू समितीच्या कार्यालयाच्या दाराशी चिकटवलीस, कोणीही वाचावी म्हणून.

गावानं पहिल्यांदा नळाच्या वेळेवर स्वयंपाक केला. मंगला तुला दुवा द्यायची.

मग कोणी तरी कम्प्युटरमधली यादी बदलली. तुझी मोमीनपुऱ्याची गल्ली आणि तिच्या मागची वस्ती खाली सरकली, भाऊसाहेबाची आळी दोनदा आली. तुला दुसऱ्याच दिवशी दिसलं, कारण दाराशी चिकटवलेला कागद एक सांगत होता आणि मोबाईल दुसरं.

आपण क्लासात बसलो होतो. मी म्हटलं, "म्हणून सांगतो. माहिती अशी उघडी टाकली की कोणीही हात घालतो. गल्ली ही वस्तू कर. तिची पाळी तिच्याजवळ ठेव. बाहेरच्याला बदलता येऊच नये."

"अन् बदललीच तं?"

"बदलताच येणार नाही म्हणतो ना."

"लिहिनारा तं बदलू शकते ना बे? मंग तो लिहिनारा कोन हाये यावर हाये सारं. माह्या यादीत चोरी झाली, तं मले दिसली. तुह्या पेटीत झाली, तं कोनाले दिसन?"

"पेटीची किल्ली आपल्याजवळ राहील."

"किल्ली आपल्यापाशी कधी राह्यली हाये का, दिल्या?"

तरीही मी लिहिलं. तू वाचलंस, दोन ठिकाणी सुधारलंस, आणि आपण दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवून पाहिले. तुझा उघडा, माझा बंद. दोन्ही बरोबर पाळी सांगत होते. तू म्हणालास, दोन्ही ठेवू, एकमेकावर नजर ठेवतीन. मला वाटलं आपलं भांडण संपलं.

पण समितीनं बाहेरच्या एका कंपनीचं ॲप आणलं. शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सभा झाली. तो इस्त्रीच्या शर्टातला पोरगा बोलत होता, "आमची सिस्टीम पूर्णपणे ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे, त्यामुळे शंभर टक्के सुरक्षित." भाऊसाहेबाला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण तो मान अशी डोलवत होता जसा काही स्वतःच लिहून आणला आहे.

तू उठलास. "गल्लीची पाळी कोठी ठरते, ते दाखवा."

"ते आतलं असतं, सर. ते दाखवता येत नाही."

"काऊन नाही दाखवता येत?"

"तीच तर या पद्धतीची खासियत आहे."

मी उभा राहिलो. मी म्हटलं, ही माझी पद्धत आहे, मी ती शिकवतो. परक्याच्या हातापासून माहिती झाकणं वेगळं, आणि जिचं पाणी आहे त्या गल्लीपासून झाकणं वेगळं. या दोन्हींचा काही संबंध नाही. तो पोरगा हसला. भाऊसाहेब म्हणाला, "नासिर, तुमचं जुनं झालं आता. दिलीप, तुम्ही मित्र आहात म्हणून बोलता." आणि टाळ्या वाजल्या. आपल्याच गावच्या लोकांनी वाजवल्या, ज्यांनी तुझ्या मेसेजवर वर्षभर हंडे भरले त्यांनी. माझ्या आयुष्यात मला इतका वीट कशाचा आला नव्हता. ज्या विचाराला मी जीव लावला, तो त्या हॉलमध्ये चोराला लपायला पांघरूण म्हणून वापरला जात होता, आणि वापरणाऱ्याला त्याचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं.

पुढचं तुला माहीतच आहे. मेसेज यायचा, 'आपल्या गल्लीत पाणीपुरवठा सुरू आहे', आणि तुमच्या गल्लीत बाया एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात हंडा घेऊन कोरड्या तोटीपुढं उभ्या. तुझ्याच घरी शमीमभाभींनी एकदा मोबाईल तोटीखाली धरला होता. "यातून पडन पानी आता," म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

तू टाकीच्या भिंतीवर खडूनं लिहायला लागलास. आज कोणती गल्ली सुटली, खरी. लोक जाता-येता वाचायचे. समितीनं भिंत रंगवून घेतली आणि त्यावर 'पाणी हेच जीवन' असं लिहिलं. ते अक्षर अजून आहे. मी टाकीवरून जाताना थुंकतो. सवयच लागली आहे, मास्तर असून.

तुमच्या गल्लीनं बोअरचं पाणी प्यायला घेतलं. खारपाणपट्ट्यातलं पाणी, जिभेवर ठेवलं तरी तोंड वाकडं होतं. तुझ्या किडन्या त्यानंच गेल्या का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. एवढं मात्र सांगतो की त्याच काळात भाऊसाहेबाच्या अंगणात लॉन हिरवं झालं.

अकोल्याला डायलिसिसला मी तुझ्याबरोबर यायचो. चार तास तू पडलेला आणि मी स्टुलावर. नर्सला वाटायचं आपण भाऊ आहोत, कारण इतकं भांडण परक्यात होत नाही. त्यातलीच एक दुपार. तू डोळे मिटून होतास, मला वाटलं झोपलास.

"दिल्या," तू म्हणालास, "तुह्यं एक मले पटलं."

"काय?"

"माह्या प्रोग्रामात गल्ली नव्हतीच. नुसते आकडे होते. एक, दोन, तीन. आकडा खाली सरकवाले कोनाले काही वाटत नाही. तुह्या प्रोग्रामात गल्ली होती. तिचं नाव होतं, तिचे घरं होते. आकड्याले तहान लागत नाही बे."

मी तुझं पांघरूण सारखं केलं. मग तूच म्हणालास, "पन पेटी बंद नको ठेवू. तेवढं माह्यं ठेव."

मला तुला सांगायचं होतं की नव्या बॅचला मी आता पहिला महिनाभर वस्तू शिकवतच नाही. आधी तुझं शिकवतो. एक ओळ, मग दुसरी, सगळे डबे उघडे. ज्याला स्वतः चुलीपाशी उभं राहता येत नाही त्यानं कोणाला चहा मागू नये, असं पोरांना सांगतो. हे पुढच्या खेपेला सांगू म्हणून ठेवलं होतं. तुझा हरल्याचा चेहरा पाहायला मला आवडत नव्हतं, पण जिंकल्याचा पाहायचा होता. ती खेप आली नाही.

तू गेलास त्या सकाळी मी पोचलो तेव्हा भाभी ओट्यावर बसल्या होत्या. गुस्लसाठी, तुझ्या शेवटच्या आंघोळीसाठी, पाणी हवं होतं. घरात पिण्यापुरतं दोन हंडे, आणि बाकी बोअरचं. मौलवी साहेब म्हणाले, बोअरचंही चालतं, पाक आहे. भाभी म्हणाल्या, "नाही. ज्या पान्यानं नेलं, त्यानं मी त्याहीले आंघोळ घालू देनार नाही." तेवढ्यात त्यांच्या पदरातला मोबाईल वाजला. त्यांनी पाहिला आणि माझ्यापुढं धरला. 'आपल्या गल्लीत पाणीपुरवठा सुरू आहे.' तोटी तिथंच होती, दोन पावलांवर. तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

मी माझ्या मळ्यातल्या विहिरीवरून कॅन भरून आणले. तुला आंघोळ आमच्या पाण्यानं घातली. एवढंच माझ्या हातून झालं.

परवा शाळेच्या पटांगणात शोकसभा होती. भाऊसाहेब बोलला, "नासिरभाईंनी या गावाच्या पाण्यासाठी आयुष्य वेचलं." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरंच आलं, नासिर, हेच किळसवाणं होतं. खोटं बोलताना त्याला खरं रडू येत होतं. मग माझं नाव पुकारलं.

मी भाषण केलं नाही. तुझ्या आंघोळीला पाणी कुठून आलं ते सांगितलं. भाभींच्या मोबाईलवर काय आलं ते वाचून दाखवलं, आणि खाली बसलो.

कोणी तरी म्हणालं, आज हा विषय नको. मागून एका बाईचा आवाज आला, "मंग कवा?" भाऊसाहेब उठून बाजूला गेला, पाठ करून फोनवर हळू आवाजात दोन शब्द बोलला आणि परत येऊन दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला, सगळ्यांबरोबर.

सभा सुटली. मी भाभींना सोडायला तुमच्या गल्लीत गेलो तर गल्ली ओली होती. प्रत्येक तोटी धो धो वाहत होती. बाया घराघरातून भांडी आणत होत्या, पातेली, बादल्या, दुधाची किटली, कोणी तरी बाळाच्या आंघोळीचा टब आणला होता. इतकं जोराचं पाणी त्या गल्लीनं तुझ्या हयातीत पाहिलं नव्हतं.

मी तिथं उभा राहिलो आणि मला कळलं, आपण किती वर्षं कशावर भांडलो. माहिती उघडी ठेवावी का झाकावी, पाळी यादीत असावी का गल्लीजवळ. आणि त्या माणसाला त्या संध्याकाळी ना तुझी सी लागली ना माझी जावा. फोनवर दोन शब्द बोलला, टाकीवर कोणी तरी हातानं व्हॉल्व्ह फिरवला. एवढंच होतं ते. रोज करता येत होतं.

मला वाटलं भाभी तोटी बंद करतील. मी त्यांच्या जागी असतो तर केली असती. त्यांनी पदर खोचला, ओट्यावरचे सगळे हंडे ओढले आणि भरायला बसल्या. मला म्हणाल्या, "दिलीपभाऊ, उभे काऊन हाये? धरा इकडून. बोलाचं ते मंग बोला. उद्या हे पानी राहीन का नाही, कोनाले ठावूक."

मी बाह्या वर केल्या आणि हंडा धरला.